ग्राइंडिंग व्हीलच्या खड्यातून उजेड काढणारा ओलेग लोसेव्ह

बेळगाव : उद्यमबागेत कुठल्याही लेथच्या वर्कशॉपमध्ये शिरा. कोपऱ्यात बेंच ग्राइंडर असतोच. त्याला बहुतेक ठिकाणी एका बाजूला करडं चाक आणि दुसऱ्या बाजूला हिरवं. साध्या टूलला करड्यावर धार लावायची, कार्बाइडच्या टिपला हिरव्यावर. पलीकडे फौंड्रीत बिडाचं कास्टिंग साफ करणाऱ्या फेटलिंगच्या पोरांच्या हातातलं काळं चाक असतं, तेही या हिरव्याच्याच घराण्यातलं. ज्या खड्यांपासून ही चाकं बनतात त्यांना सिलिकॉन कार्बाइड म्हणतात. जुने मिस्त्री कार्बोरंडम म्हणतात. वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत भाजून हे खडे तयार होतात. ही पद्धत अमेरिकेतल्या एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी १८९० च्या दशकात बसवली, आणि तेव्हापासून सगळं जग त्यावर लोखंड घासतंय.

या खड्यावर एक सुई टेकवून त्यातून थोडी वीज सोडली तर त्या टोकाशी बारीकसा उजेड पडतो. खडा तापत नाही, धूर नाही, ठिणगी नाही. नुसता थंड उजेड. शंभर वर्षांपूर्वी रशियातल्या एका पोरानं हा उजेड पाहिला आणि तो सोडून दिला नाही, वर्षानुवर्षं त्याच्या मागं राहिला. आज आपल्या घरातला एलईडी बल्ब, गणेशोत्सवात बेळगावच्या गल्ल्यांत लागणाऱ्या माळा, बाजारपेठेतल्या पाट्या, मग त्या कन्नडमध्ये असोत की मराठीत, या सगळ्यांच्या मुळाशी जाऊ लागलो की त्याचं नाव लागतं. ओलेग व्लादिमिरोविच लोसेव्ह. भौतिकशास्त्राच्या लोकांना तो माहीत आहे, आपल्याला नाही. वयाच्या ३८ व्या वर्षी तो गेला. आज माझं वय त्याच्यापेक्षा जास्त आहे, म्हणून एकेरीतच लिहितो.

ओलेगचा जन्म १० मे १९०३ रोजी त्वेर या गावात झाला. हे गाव मॉस्कोच्या वायव्येला, व्होल्गा नदीच्या काठी. वडील आधी झारच्या सैन्यात अधिकारी होते, नंतर रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत. पहिल्या महायुद्धात त्वेरला लष्करानं बिनतारी संदेशांचं केंद्र उभं केलं होतं. या केंद्राचे प्रमुख व्लादिमिर लेश्चिन्स्की यांनी १९१७ मध्ये गावात एक व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांत १४ वर्षांचा ओलेग होता. तेवढ्या एका संध्याकाळनं पोरगं हातचं गेलं, असं म्हणायला हरकत नाही. शाळा सुटली की तो केंद्रावर जाऊन बसायचा. तिथंच त्याला मिखाईल बोंच-ब्रुयेविच भेटले, पुढं रशियाच्या रेडिओ क्षेत्रातलं मोठं नाव.

क्रांती झाली. नव्या सरकारला रेडिओची गरज होती, म्हणून १९१८ मध्ये त्वेरची ही मंडळी उचलून निझनी नोव्हगोरोदला नेली आणि तिथं रेडिओ प्रयोगशाळा काढली. ओलेगनं १९२० मध्ये शाळा संपवली आणि उच्च शिक्षणासाठी मॉस्को गाठलं. तिथं रेडिओवाल्यांच्या परिषदेत जुनी त्वेरची माणसं दिसली. शिक्षण राहिलं बाजूला, पोरगा त्यांच्या मागोमाग निझनीला. प्रयोगशाळेत पहिली नोकरी मिळाली ती निरोप्याची. म्हणजे इकडचा कागद तिकडं पोचवायचा. राहायची सोय पण तशीच, इमारतीच्या वरच्या जिन्याच्या कोपऱ्यात. प्राध्यापक लेबेदिन्स्की यांनी मात्र त्याच्यातला कस ओळखला आणि त्याला प्रयोग करायला मोकळीक दिली.

इथं जरा थांबून त्या काळचा रेडिओ समजून घेऊ. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या तेव्हा महाग आणि दुर्मिळ. सामान्य माणसाचा रेडिओ म्हणजे खनिजाचा एक खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार. तारेचं टोक खड्यावर सरकवत राहायचं, एखादी जागा लागली की कानात आवाज. बॅटरीही लागत नसे. पण आवाज फार क्षीण, कारण खडा फक्त लहरी पकडायचा, वाढवायचा नाही.

जानेवारी १९२२ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षाच्या आतच, लोसेव्हला झिंकाइट नावाच्या जस्ताच्या खनिजाच्या खड्यावर काही विचित्र जागा सापडल्या. तिथं विजेचा दाब वाढवला की प्रवाह वाढण्याऐवजी कमी व्हायचा. भाव वाढला की मागणी घटते, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना ओळखीचं. विजेच्या बाबतीत मात्र हा उलटा व्यवहार. या उलट्या व्यवहाराचा फायदा घेतला तर साधा खडा क्षीण लहरी वाढवूही शकतो आणि नव्या लहरी तयारही करू शकतो, हे त्यानं दाखवून दिलं. व्हॉल्व्हशिवाय चालणारा अ‍ॅम्प्लिफायर! ट्रान्झिस्टर यायला अजून २५ वर्षं होती. या रेडिओला क्रिस्टाडिन हे नाव पडलं. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या रेडिओ न्यूज मासिकानं ते मोठ्या कौतुकानं छापलं, युरोपात लोकांनी घरी बनवून पाहिलं.

मग ते टिकलं का नाही? कारण साधं आहे, आणि कारखान्यात काम केलेल्या कुणालाही पटकन कळेल. खडे खाणीतले, एकासारखा दुसरा नाही. आज लागलेली जागा उद्या हलते. टेबलाला धक्का बसला की सुई सरकली. दरम्यान व्हॉल्व्ह स्वस्त आणि भरवशाचे होत गेले. एक नग छान चालणं वेगळं, आणि हजार नग सारखेच चालणं वेगळं. ही अडचण या पोराच्या सगळ्या शोधांच्या पाठीशी सावलीसारखी राहिली.

झिंकाइट बघता बघता तो कार्बोरंडमकडं वळला. १९२३ च्या सुमारास स्टीलची सुई टेकवलेल्या कार्बोरंडमच्या खड्यात त्याला तो उजेड दिसला. खरं सांगायचं तर पहिला मान त्याचा नाही. इंग्लंडमध्ये मार्कोनी कंपनीचे इंजिनिअर हेन्री राउंड यांनी १९०७ मध्येच हे पाहिलं होतं आणि एका विद्युत नियतकालिकात काही ओळींची नोंद पाठवून ते आपल्या दुसऱ्या कामाला लागले. लोसेव्हनं मात्र या उजेडाचं घर-गोत्र सगळं तपासलं.

पहिला प्रश्न, हा उजेड तापल्यामुळं येतोय का? तेव्हा विजेचा दिवा म्हणजे तापणारा दिवाच. बल्बची तार अडीच हजार अंशांच्या पुढं जाते तेव्हा ती प्रकाशते, आणि बरीचशी वीज उष्णतेतच वाया जाते. लोसेव्हनं काय केलं, तर उजळलेल्या जागेवर बेन्झीनचा थेंब टाकला. जागा तापलेली असती तर थेंब लगेच उडून गेला असता. तो सावकाश सुकला. म्हणजे उजेड थंड आहे. इतका सोपा प्रयोग, पण प्रश्न कायमचा निकाली.

दुसरी गोष्ट त्यानं पाहिली ती म्हणजे या उजेडाचा वेग. बल्बची तार थंड व्हायला वेळ घेते, म्हणून तो पटापट उघड-मीट करता येत नाही. हा उजेड वीज बंद झाली की त्याच क्षणी बंद, चालू झाली की चालू. मग त्यातून संदेश का पाठवू नये? १९२७ मध्ये त्यानं प्रकाशाचा रिले या नावानं पेटंटसाठी अर्ज केला, वेगवान तारायंत्र, टेलिफोन आणि चित्रं पाठवण्यासाठी. १९२९ मध्ये ते मंजूर झालं. आज निपाणीत, चिकोडीत फायबरचं इंटरनेट घरात येतं, त्यात काचेच्या तंतूच्या टोकाला अर्धवाहक लेझरचा उजेड उघड-मीट होत असतो. कल्पनेचा धागा तिथपर्यंत जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात खोल. विजेचा दाब आणि उजेडाचा रंग यांचा काही हिशेब आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं तो आइन्स्टाइनच्या प्रकाशकणांच्या सिद्धांताशी जोडला. प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन निघतात हे आइन्स्टाइननं समजावलं होतं. इथं उलटं घडतंय, इलेक्ट्रॉनची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडतेय, असं लोसेव्हचं म्हणणं. आजची एलईडीची समजूत बरीच पुढची आहे, पण दिशा हीच. १९२८ मध्ये त्याचा लेख इंग्लंडच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये आला. त्यावर नाव एकट्याचं. तेव्हा त्याच्याकडं पदवीही नव्हती.

पदवीवरून आठवलं. बेळगावात १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचंही तसंच. चित्रकला शिकायला मुंबईत गेले, रंग ओळखण्यात अडचण आली, यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. इंजिनिअरची पदवी नव्हतीच. १९१० मध्ये त्यांना बेळगाव सोडून औंध संस्थानात कुंडल रोडच्या माळावर जावं लागलं. त्यांना औंधचे राजे भेटले, जमीन मिळाली, कर्ज मिळालं, गाव वसलं. लोसेव्हला असं कुणी भेटलं नाही. लेबेदिन्स्की होते, पण ते स्वतःच सरकारी प्रयोगशाळेतले. दोघांच्या नशिबातला फरक मला तरी इथंच दिसतो.

१९२८ मध्ये निझनीची प्रयोगशाळा मोडली आणि काम लेनिनग्राडच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडं गेलं. लोसेव्हही गेला. काही वर्षं प्रसिद्ध शास्त्रज्ञ इओफे यांच्या भौतिक-तंत्र संस्थेत जागा मिळाली. पण कुठंच तो या उजेडासाठी म्हणून स्वतःचा गट, स्वतःचे विद्यार्थी जमवू शकला नाही. १९३७ पासून तो लेनिनग्राडच्या पहिल्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टरकीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवू लागला. ज्या माणसाचा लेख इंग्लंडमध्ये छापला जातो, त्याला शिकवायला कागदाचा आधार हवा म्हणून १९३८ मध्ये प्रबंध सादर न करता, आधीच्या कामावरच, त्याला कॅन्डिडेट ही पदवी दिली. आपल्याकडच्या पीएचडीच्या जवळची.

पुढचं सांगायला जड जातं. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्यानं लेनिनग्राडला वेढा घातला. वेढा चालला जवळपास अडीच वर्षं, पण सगळ्यात वाईट होता तो पहिला हिवाळा. नोव्हेंबरच्या २० तारखेपासून डिसेंबरच्या २४ तारखेपर्यंत कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव, आणि कचेरीतले, घरातले, मुलं या सगळ्यांना १२५ ग्रॅम. १२५ ग्रॅम म्हणजे किती, ते घरच्या काट्यावर एकदा मोजून बघा. आणि त्या पावातही पीठ सगळं नसे. बाहेर बर्फ, घरात सरपण नाही, पाणी नाही. लोसेव्ह वेढ्यात शहरातच राहिला. जखमींच्या अंगात अडकलेले धातूचे तुकडे शोधायचं उपकरण करण्यात तो गुंतला होता, रक्तदानही करत होता, असं त्याच्या चरित्रांत सांगितलं जातं. २२ जानेवारी १९४२ रोजी तो संस्थेच्याच दवाखान्यात उपासमारीनं गेला.

त्याच्या मागं त्या थंड उजेडाचं काय झालं, ते बघण्यासारखं आहे. त्याच्या हयातीतच, १९३६ मध्ये, पॅरिसला जॉर्ज देस्त्रियो यांनी वेगळ्या वाटेनं तसलाच उजेड मिळवला. त्यांनी खडा घेतला नाही. जस्त आणि गंधकाची पूड, त्यात किंचित तांबं, ती एरंडेल तेलात कालवली आणि दोन पत्र्यांच्या मध्ये ठेवून उलट-सुलट वाहणारी, म्हणजे एसी वीज दिली. पूड उजळली. त्या माणसाचा मोठेपणा असा की त्यांनी या उजेडाला लोसेव्हचंच नाव जोडलं. शास्त्राच्या भाषेत दोन्ही गोष्टी अगदी एक नाहीत, पण कुळ एकच. इलेक्ट्रोल्युमिनेसन्स, म्हणजे विजेनं थेट निघणारा उजेड.

देस्त्रियोंच्या पुडीतून सपाट दिवा तयार झाला. निपाणीत लग्नपत्रिका छापणाऱ्यांना तो कसा बनतो हे लगेच कळेल, कारण तो चक्क स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात. पारदर्शक प्लॅस्टिकवर वीज वाहणारा इतका पातळ थर की आरपार दिसावं. त्यावर उजळणाऱ्या पुडीची शाई. त्यावर बेरियम टायटानेटची पांढरी शाई, वीज थेट आरपार जाऊ नये म्हणून. त्यावर मागच्या बाजूला चांदीची किंवा कार्बनची शाई. झाला दिवा, जाडीला पत्रिकेएवढा, वाकतो पण. शंभरेक व्होल्टची एसी द्यायची की निळसर हिरवा उजेड सगळीकडं एकसारखा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वीज वाहणारी पारदर्शक काच हाताशी आली आणि १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या सिल्व्हेनिया कंपनीनं असे दिवे बाजारात आणले. १९६० च्या क्रायस्लर गाडीचा डॅशबोर्ड यानंच उजळायचा. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानातल्या कॉम्प्युटरचे आकडेही याच उजेडाचे.

खरी झुंज मात्र टिकाऊपणाची. हा दिवा बल्बसारखा फट करून जात नाही, तो हळूहळू मंदावतो. म्हणून त्याचं आयुष्य मोजताना उजेड निम्मा व्हायला किती तास लागले ते बघतात. व्होल्टेज किंवा फ्रिक्वेन्सी वाढवली तर उजेड वाढतो, पण आयुष्य घटतं. गाडी दामटली की इंजिन लवकर उतरतं, तसंच. पण सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. त्या पुडीला बाष्प लागलं आणि वर वीज चालू असली की पूड काळवंडते. खानापूर, चंदगडच्या पावसात हा दिवा नुसता ठेवला तर काय होईल, विचार करा. सुरुवातीला सगळा दिवा पाण्याची वाफ न जाऊ देणाऱ्या खास प्लॅस्टिकच्या दोन पदरांत बंद करत. कडेला रिकामी पट्टी सोडावी लागे, दिवा हवा तसा कापता येत नसे. कापला की कडेनं पाणी आत. छपाईत टाचणीएवढं भोक राहिलं तर तिथं वीज आरपार जाऊन काळा डाग पडायचा. मग युक्ती निघाली. अख्खा दिवा झाकण्यापेक्षा पुडीचा प्रत्येक कणच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या पातळ कवचात बंद करायचा. शेंगदाण्यावर साखरेचा पाक चढवतात तसा, फक्त कण डोळ्याला न दिसणारा. यानं दिव्याचं आयुष्य एकदम वाढलं. १९९२ मध्ये टायमेक्सच्या घड्याळांत बटण दाबल्यावर सगळी तबकडी निळी-हिरवी उजळायची, ती आपल्यातल्या काहींना आठवत असेल. तो हाच दिवा. रात्री एसटीत, केएसआरटीसीत ते घड्याळ उगाच दाबून बघणारे मित्र मला आठवतात.

लोसेव्हची स्वतःची वाट, म्हणजे खड्यातून थेट उजेड, ती दुसरीकडून पुढं गेली. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल एलईडी केला. निळा अडून राहिला. विशेष म्हणजे १९८० च्या दशकाअखेर बाजारात आलेले निळे एलईडी लोसेव्हच्याच सिलिकॉन कार्बाइडचे होते, पण फार मंद, कारण त्या खड्याच्या आतल्या रचनेत वीज सहजी उजेडात बदलत नाही. नंतर जपानमध्ये गॅलियम नायट्राइडचा तेजस्वी निळा एलईडी झाला, त्यातून पांढरा बल्ब आला आणि २०१४ चं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. लोसेव्हचं नाव जगाला पुन्हा सांगितलं ते एगॉन लोबनर यांनी १९७६ च्या लेखात, आणि २००७ मध्ये निकोलाय झेलुदेव्ह यांनी नेचर फोटॉनिक्समध्ये. म्हणजे मृत्यूनंतर ३४ आणि ६५ वर्षांनी. आणि तो खडा? दिव्यातून तो बाहेर पडला खरा, पण आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या चिप बसतात, कारण जास्त व्होल्टेज आणि उष्णता तो मुकाट सोसतो.

हे वाचून कुणी हिरव्या चाकाचा तुटका तुकडा घेऊन प्रयोगाला बसेल, म्हणून सांगून ठेवतो. चाकात खडे भाजून चिकटवलेले असतात, त्यातून वीज नीट जात नाही. कार्बोरंडमचा सुटा, चकचकीत खडा हवा. तो धातूच्या चिमट्यात पक्का धरायचा, वर शिवणाची सुई, नऊ किंवा बारा व्होल्टची बॅटरी आणि मध्ये एक रेझिस्टर. घरच्या मेनला अजिबात जोडायचं नाही. खोलीत पूर्ण अंधार करायचा, डोळे सरावायला पाच मिनिटं द्यायची, मग सुई सावकाश सरकवत राहायची. उजेड दिसला नाही तर बॅटरीच्या तारा उलट करून परत बघायचं. बऱ्याच जागा मुक्याच निघतात. मग एखाद्या ठिकाणी सुईच्या टोकाएवढा, पिवळट हिरवा ठिपका दिसतो.